घरी बनवलेल्या गिटारला तेल आणि लाख: बेळगावच्या हवेत कोणतं काम आधी, कोणतं नंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हौसेनं गिटार बनवणारी मुलं आता बरीच आहेत. त्यांचं सुतारकाम चांगलं असतं. नेक (गिटारची मान) सरळ असतो, फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नीट बसलेले असतात. बिघडतं ते पॉलिशमध्ये. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी तीनच: महिना झाला तरी बॉडी हाताला चिकटते, लाखेवर पांढुरकी साय आली, नाहीतर खिडकीशी धरल्यावर आडवे ओरखडे दिसतात. यामागच्या बऱ्याच चुका पॉलिशचा डबा उघडण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून या लेखात जवळजवळ निम्मी जागा तयारीला दिली आहे. ती वाचताना घाई करू नका.

आधी ठरवा: कुठे तेल, कुठे लाख

मी दोनच पदार्थ वापरतो: उकळलेलं जवसाचं तेल आणि लाख. तेल लाकडात मुरतं. त्याचा थर वर जाणवत नाही, त्यामुळे नेकवर अंगठा सहज सरकतो आणि ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं. लाख वर राहते. तिचा थर अगदी पातळ पण कडक असतो.

सॉलिड बॉडीची, म्हणजे आतून पोकळ नसलेली, इलेक्ट्रिक गिटार असेल तर सगळीकडे तेल लावा. अकूस्टिक गिटारच्या वरच्या पातळ पाटाला, म्हणजे टॉपला, तेल लावू नका. स्प्रूस, सीडर, पाइन अशी मऊ लाकडं तेल पितात, जड होतात आणि डागाळतात. टॉपला लाखच लावा. उलट नेकला लाख टिकत नाही, कारण हाताचा घाम तिला मऊ करतो. नेकला तेल. मागचा पाट आणि बाजू शिसवीच्या असतील तर तिथेही लाखच बरी, कारण शिसवीचं अंगचं तेल जवसाच्या तेलाला सुकू देत नाही.

टप्पा १: हवा आणि लाकूड

आपल्याकडे पॉलिशचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. जून ते सप्टेंबर नावच काढू नका. खानापूर, नंदगड, लोंढ्याकडे तर ऑक्टोबरातही भिंतींना ओल असते. गुढीपाडव्यानंतर ऊन भरपूर असतं म्हणून लोक काम काढतात, पण दुपारनंतर वळीव येतो आणि तासाभरात हवा बदलते. सकाळी लावलेली लाख तेव्हा पूर्ण बसलेली नसते.

माझी दुसरी गिटार मी जुलैत पॉलिश केली होती. खोलीत पंखा, दारं बंद, सगळी काळजी घेतली. तिसऱ्या हाताला, म्हणजे तिसऱ्या थराला, टॉपवर दुधाळ साय आली. लाख ज्यात विरघळवलेली असते ते स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लाखेत अडकतं. त्यावर कितीही हात मारले तरी साय जात नाही, ती थराखाली राहते. सगळी लाख काढून नोव्हेंबरात पुन्हा सुरुवात करावी लागली.

हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो. एक घ्या आणि कामाच्या खोलीत लावा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल तर लाख लावा. ७० च्या वर गेली तर त्या दिवशी घासकाम करा.

लाकडाचंही तसंच. पाडलेल्या जुन्या घराचं सागवान, परसातला फणस, शिवण, काहीही असो, ते आतून सुकलं आहे की नाही हे हात लावून कळत नाही. बॉडी कापून झाली की दर रविवारी काट्यावर ठेवून वजन लिहा. तीन आठवडे वजन बदललं नाही तर ते लाकूड तुमच्या खोलीच्या हवेशी जुळलं असं समजा.

*तपासणी:* वजनाच्या तीन नोंदी सारख्या आहेत का? नसतील तर थांबा. ओल्या लाकडावर लावलेलं पॉलिश पुढे सांध्यांवर फाटतं.

*इशारा:* लवकर सुकावं म्हणून गिटार गच्चीवर उन्हात ठेवू नका. पातळ पाट तडकतो, सांध्यातला डिंक मऊ होतो.

टप्पा २: घासकाम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच द्यायचा असतो. एका गिटारला मला घासायला तीन संध्याकाळी लागतात.

पॉलिश पेपरचे नंबर या क्रमानं घ्या: ८० किंवा १००, मग १२०, १५०, १८०, २२०. टॉपला शेवटी ३२०. मधला नंबर गाळायचा नाही. १०० वरून एकदम २२० वर उडी मारली तर १०० चे खोल ओरखडे तसेच राहतात, फक्त त्यांच्या कडा गुळगुळीत होतात. हाताला लागत नाहीत म्हणून वाटतं झालं. तेल लागलं की ते ओरखडे तेल जास्त पितात आणि काळ्या रेघा होऊन वर येतात.

प्रत्येक नंबर सुरू करण्याआधी सगळ्या बॉडीवर पेन्सिलीनं हलक्या आडव्या-तिडव्या रेघा मारा. सगळ्या रेघा गेल्या की तो नंबर सगळीकडे फिरला. मग धूळ ब्रशनं झाडून, कोरड्या फडक्यानं पुसून पुढचा नंबर. धूळ पुसली नाही तर जाड पेपरचा सुटलेला कण बारीक पेपरखाली येतो आणि नवा ओरखडा पाडतो.

पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून धरा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या जागी खळगे पडतात, ते चकचकीत लाखेत लगेच दिसतात. गोलाईला मात्र ठोकळा चालत नाही, तिथे रबराचा मऊ तुकडा घ्या. हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं चालवा. फिरणारं मशीन वापरत असाल तर शेवटचे दोन नंबर हातानंच करा.

बॉडीच्या दोन टोकांना, म्हणजे नेक बसतो तिथे आणि बरोबर त्याच्या उलट बाजूला, लाकडाचं तोंड उघडं असतं. तिथे नळ्या सरळ समोर येतात, म्हणून तेल दुप्पट मुरतं आणि ती जागा काळवंडते. यावर उपाय साधा आहे: बाकीची बॉडी २२० ला थांबवा, ही तोंडं ३२० आणि मग ४०० पर्यंत घासा. गुळगुळीत तोंड तेल कमी पितं.

मग लाकडाचे रोम उठवायचे. पिळून घेतलेल्या ओलसर फडक्यानं सगळं पुसा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हात फिरवला तर खरखर लागेल. तेवढीच खरखर २२० नं, हलक्या हातानं काढा. हे आत्ता केलं नाही तर पहिल्या हातानंतर करावं लागतं.

*इशारा:* सागवान आणि फणसाच्या लाकडात टॅनिन असतं. ओलं फडकं आणि स्टील वूल (पोलादाच्या बारीक तारांचा कापूस) एकत्र वापरलं, किंवा जुन्या सागवानात मोडलेला खिळा राहिला, तर निळे-काळे डाग पडतात. आधी खिळे शोधा. या टप्प्यात स्टील वूल लांब ठेवा.

टप्पा ३: डिंकाचे डाग शोधा

सांध्यातून बाहेर आलेला फेव्हिकॉल बोटानं पुसला की तो लाकडात चोळला जातो. सुकल्यावर दिसत नाही. तेल लागल्यावर मात्र त्या जागी फिकट, मेणचट डाग उमटतो, कारण तिथे तेल आत जात नाही.

खोली अंधारी करा. एक विजेचा दिवा (ज्योतीचा नाही) बॉडीच्या अगदी बाजूला, जवळजवळ टेकवून धरा. आता स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्यानं एकेक भाग पुसा. ओलं असेपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात लाकूड पॉलिशनंतर कसं दिसेल तसंच दिसतं. फिकट डाग म्हणजे डिंक, आडवी रेघ म्हणजे राहिलेला ओरखडा. पेन्सिलीनं गोल करा आणि तेवढ्या जागी १५० पासून पुन्हा घासा.

शिसवी असेल तर इथे फार सांभाळा. शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो. ज्या फडक्यानं शिसवीची बाजू पुसली त्याच फडक्यानं पांढऱ्या टॉपची कड पुसली तर जांभळट डाग पडतो, तो खोल जातो. दोन फडकी ठेवा. टॉपची कड पुसताना हात टॉपकडून बाहेर न्या, बाहेरून आत कधीच नाही.

टप्पा ४: झाकायच्या जागा

फिंगरबोर्ड (फ्रेट बसतात ती पट्टी), नटची, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच, नेक बॉडीत बसतो तो खड्डा आणि टॉपवर ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, चिकटणार ती जागा मास्किंग टेपनं झाका. डिंकाला कोरडं लाकूड लागतं. लाखेवर किंवा तेलावर चिकटवलेला ब्रिज तारांचा ताण येताच उखडतो. ब्रिजची टेप ब्रिजच्या मापापेक्षा सगळ्या बाजूंनी १ ते २ मिलिमीटर आत कापा, म्हणजे ब्रिज बसल्यावर कडेनं कोरं लाकूड दिसणार नाही. पेन्सिलीची खूण लाकडावर नाही, टेपवर करा.

*तपासणी:* टेपच्या कडा नखानं दाबल्या का? सैल कडेखाली स्पिरिट सहज शिरतं.

टप्पा ५: रंध्रं भरणं

सागवान, शिसवी, महोगनी, फणस यांची रंध्रं मोठी असतात. ती उघडी ठेवली तरी चालतात. तेलाच्या कामात मला उघडी रंध्रंच आवडतात, लाकूड लाकडासारखं दिसतं. काचेसारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तरच भरा.

तेलाच्या कामात भरायची सोपी रीत अशी. दुसऱ्या हाताच्या वेळी तेल लावा आणि ओलं असतानाच ३२० किंवा ४०० च्या वॉटर पेपरनं घासा. लाकडाची पूड आणि तेल मिळून लापशी तयार होते. ती आडवी चोळून रंध्रांत भरा, दहा मिनिटांनी वरची आडवीच पुसून काढा. रंग त्याच लाकडाचा, त्यामुळे मिसळून जातो.

फर्निचर पॉलिशवाले चाक माती (खडूची पांढरी पूड) भरतात. गिटारला ती नुसती भरू नका. सुकल्यावर गडद लाकडात पांढरे ठिपके दिसतात. भरायचीच असेल तर हिरमिजी (तांबडी माती) आणि पिवडी (पिवळी माती) मिसळून लाकडापेक्षा किंचित गडद करा.

टप्पा ६: तेल

सगळ्यात मोठी चूक चुकीच्या तेलाची. आपल्याकडे जवसाची चटणी घराघरात, त्यामुळे घाण्याचं जवसाचं तेलही सहज मिळतं. ते शुद्ध आहे, नैसर्गिक आहे, म्हणून लोक तेच लावतात. खायचं कच्चं तेल सुकायला कित्येक आठवडे घेतं, आणि दमट हवेत त्याहून जास्त. तुम्हाला रंगाच्या दुकानातलं उकळलेलं तेल हवं. आपल्याकडे त्याला बेलतेल म्हणतात. त्यात ते लवकर सुकावं म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते जिभेला लावू नका. कन्नड बोलणाऱ्या दुकानात नुसती अगसी एण्णी (जवसाचं तेल) मागितली तर खायचं तेल मिळायची शक्यता जास्त. ‘रंगाच्या कामाचं’ हे शब्द जोडा. खोबरेल, शेंगदाण्याचं तेल तर कधीच नको. ती तेलं सुकत नाहीत, खवट होतात आणि धूळ धरतात.

सागवानावर लावण्याआधी थिनरनं पुसून घ्या आणि थिनर उडाल्याबरोबर, अर्ध्या तासाच्या आत, पहिला हात द्या. त्यानं वरचं अंगचं तेल निघतं.

१. पहिला हात पातळ: एक भाग बेलतेल, एक भाग टर्पेंटाईन. फडक्यानं सढळ लावा. कोरडी दिसेल तिथे पुन्हा लावा. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या.

२. आता सगळं पुसा. कोरड्या, स्वच्छ सुती फडक्यानं, जणू चुकून लागलेलं तेल काढताय असं. हाताला ओलं लागता कामा नये. चिकट गिटार म्हणजे न पुसलेली गिटार. वर राहिलेला थर वरून सुकतो, आत मऊच राहतो.

३. पुढचे तीन-चार तास दर तासाला बघा. रंध्रांतून तेलाचे बारीक थेंब वर येतात. ते पुसत राहा. रात्रभर राहिले तर चकचकीत पुटकुळ्या होतात, मग घासूनच काढाव्या लागतात. म्हणून तेलाचं काम सकाळी सुरू करा, रात्री जेवण झाल्यावर नाही.

४. हिवाळ्यात २४ तास थांबा, हवा दमट असेल तर ४८ ते ७२. वास तिखट येत असेल तर सुकलेलं नाही.

५. पुढचे हात टर्पेंटाईनशिवाय आणि अगदी थोड्या तेलाचे. लावा, पुसा, थांबा. नेकला तीन, बॉडीला पाच हात पुरेत. दोन हातांच्या मध्ये ४०० नं एकदोनदा हलकेच फिरवा.

*इशारा, आणि हा सगळ्यांत महत्त्वाचा:* तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात, पिशवीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. गुंडाळलेल्या फडक्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेट घेतं, काडी न लावता. फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण आवराआवर करताना फडकी दुसरंच कोणीतरी गोळा करतं.

टप्पा ७: टॉपला लाख

तेलाचं काम पूर्ण सुकल्यावर, निदान आठवड्यानं, टॉपकडे वळा. दुकानात चपडा लाख मागा. पांढऱ्या टॉपला शक्यतो फिकट, मेण काढलेली लाख घ्या. गडद चपड्यानं टॉप नारिंगी होतो. शिसवीला गडद चपडा छान दिसतो. पॉलिशचं स्पिरिट ताजं, घट्ट झाकणाचं घ्या. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट नको. हे पॉलिशचं स्पिरिट विषारी असतं, खिडक्या उघड्या ठेवा, खोलीत चूल-शेगडी नको.

काचेच्या बरणीत २०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये ४० ग्रॅम लाख घाला. अधूनमधून हलवत एक दिवस विरघळू द्या, मग जुन्या मलमलीतून गाळा. बरणीवर तारीख लिहा. विरघळलेली लाख काही महिन्यांत जुनी होते आणि मग कडक सुकतच नाही.

*तपासणी:* काचेवर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतत असेल तर ती लाख फेकून द्या.

पहिले दोन हात अर्धी लाख आणि अर्धं स्पिरिट अशा पातळ मिश्रणाचे, मऊ ब्रशनं. एक ओढ, एक दिशा, पुन्हा त्याच जागी ब्रश नाही. तासाभरानं ४०० नं रोम काढा.

पुढे पुरचुंडी. कापसाचा लिंबाएवढा गोळा धुतलेल्या जुन्या मलमलीत बांधा, तळ सपाट आणि सुरकुतीविना. कापसाला लाख पाजा, कागदावर दाबून जास्तीची काढा. तळाला खनिज तेलाचा एक थेंब बोटानं लावा, म्हणजे पुरचुंडी अडकणार नाही. आधी लहान गोल, मग इंग्रजी आठच्या आकारात, शेवटी रेषेच्या दिशेनं सरळ. पुरचुंडी हलती असतानाच टॉपवर उतरवायची आणि हलती असतानाच उचलायची. क्षणभर जरी थांबली तरी खालची लाख विरघळते आणि कापडाचा छाप उमटतो. छाप उमटला तर त्याच वेळी दुरुस्त करायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी ६०० नं सपाट करा.

एका बैठकीत तीन-चार फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर पाच-दहा मिनिटं विश्रांती, आणि दिवसाला एकच बैठक. सहा ते आठ दिवस लागतात. पहिल्या दिवशी चमक आली नाही म्हणून जाड लाख ओतणारे लोक नंतर ती तडकलेली दाखवायला आणतात. शेवटच्या बैठकीला पुरचुंडीत जवळजवळ नुसतं स्पिरिट, अगदी कोरडंसं, आणि रेषेच्या दिशेनं झपझप हात. त्यानं वर राहिलेलं तेल निघतं आणि चमक उघडते.

धुळीचं बघा. खानापूरकडची तांबडी धूळ आणि निपाणी-चिकोडीकडे उसाचं पाचट पेटवल्यावर उडणारी काळी राख, दोन्ही ओल्या लाखेवर बसतात. शेजारच्या शिवारात ऊस तुटला असेल तर त्या आठवड्यात काम काढू नका. फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवायची युक्ती झाडलोटीला ठीक, लाखेला नाही. हवा दमट होते.

टप्पा ८: थांबणं, मग जोडणी

शेवटच्या हातानंतर गिटार मानेला दोरी बांधून टांगून ठेवा. तेलाच्या बॉडीला किमान दोन आठवडे, लाखेच्या टॉपला तीन. या काळात रबराच्या स्टँडवर किंवा बॅगेत ठेवू नका, रबराचा आणि कापडाचा छाप बसतो.

तेलाच्या भागांना नंतर मेण लावता येतं. मधमाश्यांचं मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. गॅस बंद करून, भांडं शेगडीपासून दूर नेऊन मगच त्यात टर्पेंटाईन घाला. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं. चिमूटभर लावून घासा. नेकला मेण कमी लावा, जास्त झालं तर उन्हाळ्यात अंगठा अडकतो. इलेक्ट्रिकवर ०००० नंबरचं स्टील वूल फिरवायचं असेल तर पिकअप (तारांचा आवाज उचलणारे चुंबकी भाग) बसवण्याआधी फिरवा. त्याचे कण पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि निघता निघत नाहीत.

टेप काढताना कडेनं आधी धारदार पातीनं हलकी रेघ मारा, नाहीतर टेपबरोबर लाखेचा पापुद्रा निघतो. टेप आडवी, हळू, स्वतःवर दुमडत ओढा. ब्रिजची जागा कोरी आणि कोरडी आहे ना बघा, मग ब्रिज चिकटवा. क्लॅम्प चोवीस तास. तारा त्यानंतर आणखी दोन दिवसांनी चढवा, आणि पहिल्या दिवशी अर्ध्याच ताणावर ठेवा.

बिघडलंच तर

तेल चिकट राहिलं असेल तर वरून नवं तेल लावू नका. टर्पेंटाईन भिजवलेल्या फडक्यानं चिकट थर पुसून काढा, कोरड्या हवेत आठवडाभर टांगा. खायचं जवस तेल लावून बसला असाल तरी हाच उपाय, फक्त टर्पेंटाईन जास्त वेळा आणि वाट जास्त दिवस.

लाखेवर साय आली असेल तर कोरड्या दिवशी, शक्यतो दुपारी, पुरचुंडीला अगदी थोडं स्पिरिट लावून पृष्ठभागावरून वाऱ्यासारखी फिरवा. वरची लाख सैल होते आणि अडकलेलं पाणी निघून जातं. दोनदा करून गेली नाही तर ती खालच्या थरांत आहे. मग २२० नं तिथवर उतरावंच लागेल.

आणि पॉलिश झालेल्या लाखेच्या टॉपवर सॅनिटायझरचा हात टेकवू नका. त्यातल्या अल्कोहोलनं लाख तिथल्या तिथे विरघळते आणि बोटांचे ठसे कायमचे राहतात.